रेल, भाता आणि दोन चौकटी : प्रस्तावना

छोट्या कॅमेऱ्याच्या कॅटलॉगात जोडसामान शेवटच्या पानावर, बारीक अक्षरांत असतं. पट्टा, पिशवी, फिल्टर, फ्लॅश. आधी कॅमेरा, मग त्याला काय काय लावता येईल ते. मोनोरेल कॅमेऱ्याचा कॅटलॉग असा मांडताच येत नाही, कारण जोडसामान बाजूला काढत गेलं तर हातात कॅमेरा उरतच नाही. लेन्स काढा, तिचा बोर्ड काढा, भाता काढा, घासलेल्या काचेची पाठ काढा, दोन्ही स्टँडर्ड रेलवरून सरकवून बाहेर घ्या. टेबलावर धातूचा एक दांडा राहतो आणि त्याला कोणी कॅमेरा म्हणणार नाही. या पुस्तकाचा रोख एवढाच आहे की मोनोरेलमध्ये मुख्य वस्तू आणि जोडसामान असा भेद नसतो. हा भेद डोक्यातून गेल्याशिवाय हा कॅमेरा धड निवडता येत नाही आणि धड वापरताही येत नाही.

ज्यांनी तो पाहिलाच नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. तिवईवर एक क्लँप, क्लँपमध्ये एक रेल. रेलवर पुढेमागे सरकणाऱ्या दोन उभ्या चौकटी, म्हणजे स्टँडर्ड. पुढच्या चौकटीत लेन्स, मागच्या चौकटीत घासलेली काच, आणि दोघींच्या मध्ये प्रकाश अडवणारा घड्यांचा भाता. काचेवर उलटं चित्र दिसतं, ते काळ्या कापडाखाली डोकं घालून बघायचं, जुळवायचं, आणि मग काचेच्या जागी फिल्म होल्डर सरकवायचा. फिल्म बहुतेकदा 4 बाय 5 इंचाची, क्वचित 5 बाय 7 किंवा 8 बाय 10 ची. 4 बाय 5 च्या एका तुकड्यावर 35 मिमीच्या एका फ्रेमच्या सुमारे 13 पट क्षेत्रफळ मिळतं. या कॅमेऱ्याचं कौतुक करणारे बहुधा याच आकड्यावर थांबतात. मला तो आकडा दुय्यम वाटतो. मोठी फिल्म लाकडी घडीच्या कॅमेऱ्यातही बसते. मोनोरेलमध्ये त्यापलीकडे काय आहे, ते सांगायचं आहे.

आपल्याकडे भात्याचे दोन कॅमेरे बऱ्याच लोकांनी पाहिलेले असतात. एक जुन्या फोटो स्टुडिओतला लाकडी कॅमेरा आणि दुसरा छापखान्यातला, ब्लॉकसाठी निगेटिव्ह काढायचा प्रोसेस कॅमेरा. सिनेमाकडे वळण्याआधी दादासाहेब फाळके लोणावळ्यात आणि पुढे दादरला ब्लॉक आणि छपाईच्याच धंद्यात होते, तेव्हा या यंत्राशी मराठी माणसाची ओळख तशी जुनी आहे. पण प्रोसेस कॅमेऱ्यातली सगळी धडपड मूळ चित्राचा फळा, लेन्स आणि फिल्म एकमेकांना काटेकोर समांतर ठेवण्यासाठी असते. मोनोरेलमध्येही समांतरता लागते, पण ती सुरुवातीला. शून्यावर सगळं जुळवायचं आणि मग विचारपूर्वक मोडायचं.

हे मोडणं सोपं व्हावं म्हणूनच एक दांडा आला. आधीच्या मोठ्या कॅमेऱ्यांना खाली सपाट तळ किंवा पडणारं फळकूट असे. लांब लेन्स लावली की तळ अपुरा पडे, रुंद कोनाची लावली की तोच तळ चित्रात डोकावे. प्रयोगशाळेतल्या ऑप्टिकल बेंचवर भिंगं आणि पडदे हवे तिथे सरकवून घट्ट करतात. तीच युक्ती कॅमेऱ्यात आली. अमेरिकेत ग्राफ्लेक्सचा ग्राफिक व्ह्यू 1941 साली निघाला, उलट्या व्हीच्या आकाराच्या रेलवर. पण कल्पनेचा शेवटपर्यंत पाठपुरावा केला तो स्वित्झर्लंडमधल्या शाफहाउझेनच्या कार्ल कोख यांनी. छायाचित्रण हा त्यांच्या घरचाच व्यवसाय होता, म्हणजे अडचणी त्यांना रोजच्या माहितीच्या होत्या. 1948 साली त्यांचा सिनार बाजारात आला; आज त्या पहिल्या मालिकेला सिनार नॉर्मा म्हणतात. कोखचं मोठेपण एखाद्या सुट्या भागात नव्हतं. कॅमेऱ्याचा प्रत्येक भाग दुसऱ्या प्रत्येक भागाला जोडता आला पाहिजे, या हट्टात होतं. रेलचे तुकडे एकमेकांत आटे पिळून लांब करता येतात, 4 बाय 5 ची मागची चौकट काढून 8 बाय 10 ची बसवता येते, एकाच कॅमेऱ्यात दोन भाते एकामागोमाग लावता येतात. म्युनिकच्या लिनहोफने कार्डान मालिका काढली, नेदरलँड्समध्ये काम्बो, जपानमध्ये टोयो आणि हॉर्समन, झुरिकमध्ये आर्का-स्विस. रचना प्रत्येकाची वेगळी, हट्ट तोच.

आता चौकटींच्या हालचाली. एक गोष्ट पाठच करून ठेवावी, कारण बाकी सगळं तिच्यातून निघतं. मागच्या चौकटीचा कल वस्तूचा आकार ठरवतो, पुढच्या चौकटीचा कल स्पष्टता कुठे पडेल ते ठरवतो. इमारतीच्या उभ्या रेषा उभ्या हव्या असतील तर मागची चौकट इमारतीला समांतर, म्हणजे ओळंब्यात, ठेवायची. तिला हात लावायचा नाही. मग वरचे मजले कसे येणार? कॅमेरा वर झुकवून नाही, तर लेन्स आहे तशी वर उचलून. यालाच राइज म्हणतात.

हिशेब करून पाहण्यासारखा आहे. 90 मिमीची लेन्स, आडवी 4 बाय 5 ची फ्रेम, इमारत 30 मीटरवर आणि कॅमेरा माणसाच्या उंचीवर. लेन्स मधोमध असेल तर जमिनीपासून साधारण 17 मीटरपर्यंतचा भाग फ्रेममध्ये येतो. खालचा जवळजवळ अर्धा भाग मात्र समोरच्या रस्त्याने, पार्क केलेल्या गाड्यांनी आणि गटारांच्या झाकणांनी भरतो. लेन्स 40 मिमी वर उचला. आता 30 मीटरपर्यंतचा भाग फ्रेममध्ये येतो, रस्त्याची जेमतेम एक पट्टी राहते आणि एकही उभी रेषा कलत नाही. यासाठी लेन्सने फिल्मपेक्षा बरंच मोठं वर्तुळ प्रकाशित केलं पाहिजे. श्नायडरची 90 मिमी एफ-8 ची सुपर-अँग्युलॉन 216 मिमी व्यासाचं वर्तुळ देते, आणि फिल्मचा कर्ण साधारण 153 मिमीचा. उरलेली जागा हे तुमचं भांडवल. राइज, शिफ्ट, सगळं त्यातूनच खर्च करायचं. लेन्स विकत घेताना एफ-आकड्याच्या आधी हे वर्तुळ विचारावं, असं मी नेहमी सांगतो.

जर्मनीत बेर्न्ड आणि हिला बेखर या जोडप्याने 1959 पासून पाण्याच्या टाक्या, भट्ट्या, खाणींचे मनोरे यांची हजारो छायाचित्रं काढली. आभाळ ढगाळ, नजर सरळ, रेषा उभ्या. एकाच प्रकारच्या पंधरा टाक्या शेजारी शेजारी लावल्या तर त्यांची तुलना करता येते, याचं कारण एकही टाकी मागे कललेली नाही. मोठ्या कॅमेऱ्याच्या सरळ पाठीची शिस्त म्हणजे काय, ते या चित्रांतून जितकं कळतं तितकं कुठल्याही आकृतीतून कळत नाही.

आडव्या सरकण्याचा, म्हणजे शिफ्टचा, एक उपयोग मला विशेष आवडतो. आरशाचा फोटो समोरून काढायचा आहे, पण आरशात कॅमेरा दिसता कामा नये. कॅमेरा एका बाजूला नेऊन ठेवा, मागची चौकट आरशाला समांतर राहू द्या आणि लेन्स उलट बाजूला सरकवा. चित्र समोरून काढल्यासारखं दिसतं आणि आरसा रिकामा.

टिल्ट म्हणजे चौकट पुढेमागे झुकवणं, स्विंग म्हणजे ती डावीउजवीकडे फिरवणं. या दोन्हींचा नियम थिओडोर शाइमफ्लुग या ऑस्ट्रियन लष्करी अधिकाऱ्याच्या नावाने ओळखला जातो. त्याला स्टुडिओशी काही देणंघेणं नव्हतं. बलूनमधून काढलेल्या तिरक्या हवाई छायाचित्रांवरून अचूक नकाशे करायचे होते. 1904 च्या पेटंटात त्याने हे गणित मांडलं आणि आपल्या आधीच्या झ्यूल कार्पांतिए या फ्रेंच गृहस्थाचा उल्लेखही केला. नियम असा की फिल्मचं प्रतल, लेन्सचं प्रतल आणि विषयातलं स्पष्टतेचं प्रतल ही तिन्ही एकाच रेषेत भेटतात. फिल्म आणि लेन्स समांतर असतील तर तिसरंही समांतर. लेन्स पुढे झुकवली की स्पष्टतेचं प्रतल आडवं पडू लागतं, आणि पायाजवळच्या गवतापासून क्षितिजापर्यंतची जमीन एकदम स्पष्ट होते, तीही छिद्र फारसं बारीक न करता.

किती झुकवायचं? लोकांना वाटतं बरंच. 150 मिमीची लेन्स 5 अंश झुकवली की स्पष्टतेचं प्रतल लेन्सच्या खाली सुमारे 1.7 मीटरवरून जातं. म्हणजे कॅमेरा उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीच्या जरासा वर असेल तर पाचच अंशांत अख्खं मैदान पदरात पडतं. 10 अंश झुकवली तर ते प्रतल साधारण 86 सेंटिमीटरवर येतं, टेबलाच्या कामाला योग्य. नवशिक्या पंधरा-वीस अंश झुकवतो आणि मग काचेवर काहीच का जुळत नाही म्हणून चक्रावतो. हेही ध्यानात असू द्या की स्पष्टतेचं प्रतल आडवं केलं की उभी झाडं त्यातून बाहेर जातात. गवत सुंदर, शेंडे धूसर. टिल्टने खोली वाढत नाही, ती फक्त वळते.

इथे कॅमेऱ्याच्या रचनेतला एक फरक येतो, जो दुकानात कोणी सांगत नाही. टिल्टचा सांधा आणि स्विंगचा सांधा यांपैकी वर कोण, खाली कोण? समजा टेबलावरच्या खोक्याकडे वरून बघताय, म्हणून रेल खाली झुकवली आणि खोक्याच्या कडा उभ्या राहाव्यात म्हणून दोन्ही चौकटी परत ओळंब्यात आणल्या. आता स्विंग द्यायचा आहे. टिल्टचा सांधा खाली आणि स्विंगचा वर असेल, तर स्विंगचा आसही चौकटीबरोबर उभा झालेला असतो आणि चौकट सरळ फिरते. उलट रचना असेल तर आस रेलबरोबर कललेलाच राहतो. कललेल्या चौकटीतलं दार उघडताना जसं एका बाजूला उतरत जातं, तशी मागची काच फिरता फिरता वाकडी होते. जुळवलेली क्षितिजरेषा जाते, ती सरळ करायला टिल्ट बदलावा लागतो, त्याने स्पष्टता जाते. या दोषाला यॉ म्हणतात. इमारतींच्या कामात, जिथे रेल पाण्याच्या पातळीत असते, तो जाणवतही नाही. टेबलटॉपवर तो दिवस खाऊन टाकतो. म्हणून कोणता मोनोरेल चांगला, या प्रश्नाला मी आधी उलट प्रश्न करतो की काम कशाचं आहे?

सिनारने 1970 मध्ये आणलेल्या पी या कॅमेऱ्यात यॉ नाही, सगळ्या हालचाली गिअरवर आहेत, आणि एक आणखी चतुराई आहे. टिल्टचा आस काचेच्या मध्यावर न ठेवता जरा एका बाजूला ठेवला आहे आणि काचेवर तो तुटक रेषेने दाखवलेला आहे. टेबलावर उघडं पुस्तक ठेवलंय, जवळच्या ओळीपासून लांबच्या ओळीपर्यंत सगळं स्पष्ट हवंय असं धरू. तुटक रेषेवर पुस्तकाची जी ओळ पडते तिच्यावर भिंग टेकवून फोकस करायचा. मग भिंग काचेच्या दुसऱ्या टोकाला न्यायचं आणि मागच्या चौकटीच्या टिल्टचा गिअर ती दुसरी ओळ टोकदार होईपर्यंत फिरवायचा. पहिली ओळ आसावरच असल्यामुळे ती हलत नाही. गिअरवरचा कोन वाचायचा. पुस्तकाचा आकार बिघडायला नको असेल तर मागची चौकट परत शून्यावर आणायची आणि तोच कोन पुढच्या चौकटीला द्यायचा. फोकस किंचित सुधारला की झालं. साध्या कॅमेऱ्यात हेच काम फोकस, टिल्ट, पुन्हा फोकस, पुन्हा टिल्ट असं चाचपडत करावं लागतं. त्यानंतर फोकसच्या मुठीवरची छिद्राची पट्टी. लांबच्या बिंदूवर फोकस करून ती शून्यावर आणायची, जवळच्या बिंदूपर्यंत मूठ फिरवायची आणि कोणता एफ-आकडा लागेल तो वाचायचा. अंदाजाला जागाच नाही.

तरीही गिअरवाल्या कॅमेऱ्याची लोक जरा जास्तच भक्ती करतात. पाच-सहा किलोचं ते यंत्र स्टुडिओत राजासारखं असतं आणि डोंगरावर ओझं. बाहेर जाणाऱ्याला सिनारचा हलका एफ किंवा घडी होणारा लिनहोफ टेक्निकार्डान बरा. गिअर नसले तरी भूमिती बदलत नाही, फक्त वेळ जास्त लागतो.

भूमिती खरंच अडते ती भात्यापाशी. हा सगळ्यात दुर्लक्षित भाग, आणि माझ्या मते सगळ्यात निर्णायक. रस्त्यावरचं मघाचं उदाहरण घ्या. 90 मिमीची लेन्स अनंतावर फोकस केली की दोन चौकटी जेमतेम एका हाताच्या रुंदीएवढ्या जवळ येतात. मधे घड्यांचा नेहमीचा भाता दाबून गच्च बसलेला असतो. आता लेन्स 40 मिमी वर न्यायला गेलात तर भाता तिला परत खाली ओढतो, किंवा त्याची एक घडी वर फुगून चित्राचा कोपरा खाते. लेन्सकडे वर्तुळ आहे, चौकटीकडे आटे आहेत, पण भाता परवानगी देत नाही. इथे पिशवी भाता लागतो. घड्या नसलेली, मऊ चामड्याची किंवा कापडाची सैल पिशवी, जी चौकटी हव्या तिकडे जाऊ देते. रुंद लेन्सवर पैसे खर्च करून पिशवी भाता न घेणारे लोक मी बरेच पाहिलेत. मग ते म्हणतात, या कॅमेऱ्यात राइज फारसा मिळत नाही.

उलट टोकाला लांबीची अडचण. वस्तू तिच्या मूळ आकाराएवढी फिल्मवर हवी असेल तर लेन्सपासून फिल्मपर्यंतचं अंतर केंद्रांतराच्या दुप्पट लागतं. 210 मिमीच्या लेन्सला 42 सेंटिमीटर, 300 मिमीच्या लेन्सला 60. सिनारची मूळ रेल 12 इंची, म्हणजे 30 सेंटिमीटरची. त्यामुळे 6, 12 आणि 18 इंची जोडरेल, मधली आधाराची चौकट आणि दुसरा भाता या गोष्टी चैनीच्या यादीत टाकू नयेत. लांबलचक कॅमेऱ्याला एकच क्लँप पुरत नाही हेही लक्षात घ्यावं. दोन्ही टोकं लोंबकळत असतील तर शटरच्या धक्क्याने सगळं थरथरतं. आणि प्रकाशाचा हिशेब वेगळा. भाता जितका ताणाल त्याच्या वर्गाच्या प्रमाणात प्रकाश कमी होतो. दुप्पट ताणला तर चौपट एक्स्पोजर, म्हणजे दोन स्टॉप. मीटरला हे कळत नाही. सिनारने यावर काचेच्या जागी सरकवायचं मीटर काढलं, सिनारसिक्स. त्याची लहानशी दांडी फिल्मच्याच प्रतलात फिरवून हव्या त्या बिंदूचा प्रकाश मोजता येतो, त्यामुळे भात्याची वजाबाकी आपोआप होते. ज्याच्याकडे ते नाही त्याने मोजपट्टी खिशात ठेवावी.

भात्याची निगा हा कोकण-मुंबईच्या लोकांसाठी स्वतंत्र विषय आहे. पावसाळ्यात चामड्याच्या घडीत बुरशी धरते आणि घडीच्या कोपऱ्यांना सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात. बघायची रीत सोपी. अंधाऱ्या खोलीत भाता पूर्ण ताणायचा, आत छोटा टॉर्च घालायचा आणि बाहेरून कोपऱ्याकोपऱ्यावर नजर फिरवायची. जुना कॅमेरा घेताना हे दुकानातच करून बघावं. दुकानदाराच्या चेहऱ्याकडे बघू नये.

भात्याच्या आत आणखी एक उपद्रव असतो. मघाशी ज्या मोठ्या वर्तुळाला भांडवल म्हटलं, त्यातला न वापरलेला प्रकाश जातो कुठे? भात्याच्या आतल्या भिंतींवर. तिथून तो उसळून फिल्मवर पसरतो आणि चित्रातला काळा रंग राखाडी होतो. यावरचा उपाय म्हणजे लेन्सच्या पुढे लावायचा दुसरा छोटा भाता, कंपेंडियम हूड. तो इतका पुढे ओढायचा की चित्रापलीकडचा सगळा प्रकाश अडेल, पण चित्राचा कोपरा कापला जाणार नाही. हे कळतं कसं? बऱ्याच घासलेल्या काचांचे कोपरे मुद्दाम कापलेले असतात. छिद्र कामाच्या आकड्यावर, म्हणजे 22 किंवा 32 वर आणायचं आणि त्या कापलेल्या कोपऱ्यातून लेन्सकडे बघायचं. छिद्राचा आकार पूर्ण दिसला तर ठीक. त्याची एखादी कड हूडने खाल्लेली दिसली तर हूड मागे घ्यायचा. चारही कोपऱ्यांतून बघायचं, कारण राइज दिलेला असताना वरचे आणि खालचे कोपरे सारखे वागत नाहीत. भारी लेन्सपेक्षा हा हूड चित्राचा दर्जा जास्त सुधारतो, असं माझं ठाम मत आहे, आणि तरी जुन्या बाजारात लोक तो फुकटात मिळाला तरच घेतात.

लेन्स बोर्ड, शटर, होल्डर यांबद्दल पुढे सविस्तर आहेच, इथे दोन-चार गोष्टी. सिनारचा बोर्ड 140 मिमी चौरस असतो, लिनहोफ टेक्निकाचा 96 बाय 99 मिमीचा, आणि टेक्निकाचा बोर्ड लहान असल्यामुळे तोच अनेक कंपन्यांनी आपलासा केला. सगळ्या लेन्स टेक्निका बोर्डवर बसवून मोठ्या कॅमेऱ्याला एक अडॅप्टर लावला की एक संच दोन कॅमेऱ्यांना पुरतो. बोर्डमधलं भोक शटरच्या मापाचं हवं. कोपल 0 ला सुमारे 34.6 मिमी, कोपल 1 ला 41.6, कोपल 3 ला 65. फार रुंद लेन्ससाठी आत खोल गेलेला बोर्ड मिळतो. तो भात्याला श्वास घ्यायला जागा देतो, पण त्यात बोटं घालून छिद्राचा आकडा बदलणं हा वैतागच आहे. सिनारने बोर्डाच्या मागे बसणारं वेगळं शटरही काढलं, 8 सेकंदांपासून 1/60 पर्यंतचं. त्यामुळे शटर नसलेल्या जुन्या पितळी लेन्ससुद्धा कामाला येतात.

फिल्म होल्डरमध्ये एक तडजोड न चालणारं माप आहे. 4 बाय 5 च्या होल्डरमध्ये फिल्म बरोबर 5 मिमी खोल बसते, आणि घासलेल्या काचेची खरखरीत बाजूही चौकटीच्या कडेपासून तेवढीच आत हवी. काच बदलताना ती उलटी बसवली, किंवा मागाहून टाकलेली फ्रेनेल भिंगाची चकती चुकीच्या बाजूला गेली, तर काचेवर टोकदार दिसलेलं चित्र फिल्मवर मऊ येतं, आणि दोष बिचाऱ्या लेन्सला जातो. होल्डर भरणं पूर्ण अंधारात. फिल्मच्या कोपऱ्यावर खाचा असतात. फिल्म उभी धरून त्या वरच्या उजव्या कोपऱ्यात बोटाला लागल्या की रसायनाची बाजू तुमच्याकडे. डार्क स्लाइडच्या मुठीची एक बाजू पांढरी, एक काळी. पांढरी बाहेर म्हणजे फिल्म कोरी, काळी म्हणजे वापरलेली. अंधारात समजावं म्हणून पांढऱ्या बाजूला बोटाला लागणारे उंचवटे असतात. एवढ्या साध्या खुणांवर लोकांनी आयुष्यभर धंदा केला.

पोलरॉइडची पाठ हा एके काळी रोजच्या कामाचा भाग होता. प्रकाश बघायचा, ग्राहकाला दाखवायचं, मग ट्रान्स्परन्सी काढायची. 2008 मध्ये पोलरॉइडने इन्स्टंट फिल्म बंद करायचं जाहीर केलं आणि ती पाठ कपाटात गेली. रोल फिल्मच्या पाठी मात्र अजून उपयोगी आहेत, शिकताना तर फारच, कारण मोठी शीट महाग. भिंग चांगलं घ्यावं, काळं कापड एका बाजूने पांढरं असावं म्हणजे उन्हात डोकं तापत नाही, केबल रिलीज दोन ठेवाव्यात. यापेक्षा जास्त त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

आता हे सगळं कशाला, असं विचारणारे भेटतात. कललेल्या रेषा संगणकावर सरळ करता येतात. खरं आहे, आणि मी स्वतः करतो. पण सरळ करताना सॉफ्टवेअर वरचा भाग ताणतं आणि तिथे नसलेला तपशील भरतं. शिवाय स्पष्टतेचं प्रतल फोटो काढून झाल्यावर वळवता येत नाही. त्यासाठी अनेक फ्रेम काढून एकत्र शिवाव्या लागतात, आणि वारा सुटला की ती शिवण उसवते. छोट्या कॅमेऱ्यांनाही ही गरज फार आधी कळली होती. निकॉनने 1962 मध्ये सरकणारी 35 मिमीची लेन्स काढली, कॅननने 1973 मध्ये टिल्टसुद्धा दिला. आज काम्बो आणि आर्का-स्विस डिजिटल बॅकसाठी लहान मोनोरेल करतात. सिनार 2013 मध्ये लायकाकडे गेली आणि तिचे कॅमेरे चित्रं आणि हस्तलिखितांच्या डिजिटायझेशनसाठी वापरले जातात, म्हणजे प्रोसेस कॅमेऱ्याचंच काम. लहान सेन्सरवर फरक एवढाच की चूक कितीतरी मोठी होते. फिल्मवर अर्ध्या अंशाचा कल चालून जाई, इथे चालत नाही. म्हणून गिअरबद्दल मघाशी जे तुच्छतेने बोललो, ते डिजिटलच्या बाबतीत मागे घेतो.

जुना कॅमेरा आज मुंबईच्या बोराबाजारातल्या दुकानात किंवा परदेशातून मागवून मिळू शकतो, आणि स्टुडिओंनी फिल्म सोडल्यापासून बराच माल पडून आहे. निव्वळ सांगाडा स्वस्त वाटतो. त्या वेळी विचारायचं की याच जातीचा पिशवी भाता, जोडरेल आणि बोर्ड मिळतात का? मिळत नसतील तर स्वस्तातला तो सांगाडा फार लवकर महाग पडतो. सिनारची एक सोय अशी की नॉर्मापासून पुढच्या कॅमेऱ्यांपर्यंत भाते आणि बोर्ड बरेचसे एकमेकांना चालतात. मी सुचवतो ती यादी काहींना उलटी वाटेल. आधी भक्कम तिवई आणि क्लँप, मग दोन्ही भाते, मग हूड, मग एकच लेन्स, 150 किंवा 210. दुसरी लेन्स वर्षभराने.

प्रकरणांचा क्रमही याच यादीप्रमाणे ठेवला आहे. रेल आणि चौकटी पहिल्या, भात्यांना दोन प्रकरणं, लेन्स बरीच मागे. ज्यांना लेन्सचीच घाई आहे त्यांनी निदान भात्याचं पहिलं प्रकरण वाचून मग पुढे उडी मारावी, कारण लेन्सच्या तक्त्यात प्रत्येक केंद्रांतरापुढे कोणता भाता आणि किती रेल लागेल ते दिलं आहे आणि ते रकाने त्याशिवाय कळणार नाहीत. पूर्ण तक्ता 4 बाय 5 साठी आहे. 8 बाय 10 वापरणाऱ्यांनी त्यातली अंतरं दुप्पट धरावीत, आणि तिवईचा विचार मात्र नव्याने करावा.